१५ लिटरचा गिझर: आठ महिन्यांचा वापर आणि पाणी लवकर तापवण्याचे प्रयत्न

गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही निफाड तालुक्यातील आमच्या घरी १५ लिटरचा, २००० वॅटचा, पाच स्टारचा स्टोरेज गिझर बसवला. हा तालुका राज्यातील सर्वांत थंड भागांत मोडतो; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. वडिलांची अंघोळ पूजेआधी पहाटे साडेपाचला होते आणि मुलांची शाळा सातची असते, त्यामुळे पाणी किती मिनिटांत तापते हा आमच्याकडे रोजच्या सोयीचा प्रश्न आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गिझरमधील १६ अंशांचे पाणी ६० अंशांवर जायला ३३ मिनिटे लागली. एवढा वेळ लागायला नको होता. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यासाठी सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे १५ लिटरांना जवळपास ६३. एलिमेंट (टाकीतील पाणी तापवणारी दांडी) २००० वॅटचे असेल तर ते सेकंदाला २ किलोज्यूल देते, म्हणून प्रत्येक अंशाला साडेएकतीस सेकंद पुरतात आणि ४४ अंशांसाठी २३ मिनिटे. आमचा गिझर अंशाला ४५ सेकंद घेत होता. तेव्हापासून मी ‘एका अंशाला किती सेकंद’ हेच माप धरून नोंदी ठेवल्या, कारण नुसती मिनिटे मोजली तर थंडीतील आणि उन्हाळ्यातील आकड्यांची तुलना करता येत नाही.

दोष गिझरमध्ये नव्हता. एलिमेंटवर लिहिलेले २००० वॅट हे २३० व्होल्टचे असतात आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेज थोडे उतरले तरी वॅट बरेच उतरतात. पहाटे सगळ्या वस्तीत गिझर आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या वेळी आमच्या सॉकेटवर मल्टिमीटरने २१४ व्होल्ट दाखवले आणि गिझर सुरू करताच आकडा १९८ वर आला. १९८ व्होल्टला हेच एलिमेंट १४८० वॅटच्या आसपास काम करते. पुरवठ्याचे २१४ व्होल्ट माझ्या हातात नव्हते, पण त्यापुढचे १६ व्होल्ट माझ्याच घराच्या वायरिंगमध्ये आणि जोडांमध्ये उष्णता होऊन वाया जात होते, आणि ही बाब सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मला गंभीर वाटली.

इलेक्ट्रिशियनने पाहिले तेव्हा मीटरपासून न्हाणीघरापर्यंत सुमारे ३० मीटर अंतर जुनी १ चौरस मिलिमीटरची वायर होती आणि सॉकेटमधील एक टोक काळे पडले होते. आम्ही तेथपर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली, १६ ॲम्पिअरचे नवे सॉकेट बसवले, वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारा आरसीसीबी लावला आणि अर्थिंग तपासून घेतले. गिझर चालू असताना आता २०७ व्होल्ट मिळतात आणि अंशाला ४१ सेकंद लागतात. म्हणजे ३३ मिनिटांची ३० झाली. तीन मिनिटांसाठी हा खर्च कोणी करणार नाही, पण काळे पडलेले ते टोक पाहिल्यानंतर मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

याच काळात एका मेकॅनिकने ३००० वॅटचे एलिमेंट बसवून देण्याची तयारी दाखवली. मी ठाम नकार दिला. आमच्या गिझरची अंतर्गत वायर, थर्मोस्टॅट आणि पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास वीज तोडणारा कटआउट २००० वॅटच्या हिशेबाने दिलेले आहेत. त्यांतून दीडपट विद्युतप्रवाह रोज नेणे म्हणजे पाण्याजवळच्या उपकरणात धोका ओढवून घेणे आहे. खरेदीच्या वेळचा एक गैरसमजही येथे सांगतो. बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टार जास्त म्हणजे पाणी लवकर तापते, असे मी मानत होतो. ते स्टार टाकीतील तापलेले पाणी उभ्या उभ्या किती उष्णता गमावते यावरून मिळतात. तापण्याच्या वेगाशी त्यांचा संबंध नाही.

मात्र ही उष्णता रोखून धरणाऱ्या टाकीच्या इन्सुलेशनचा उपयोग करून आमचा सर्वांत जास्त वेळ वाचला, आणि तोही विनाखर्च. सकाळच्या शेवटच्या अंघोळीनंतर गिझरमध्ये गच्चीवरच्या टाकीतील १४ अंशांचे पाणी भरते आणि इन्सुलेशनमुळे ते दिवसभरात फारसे तापत नाही. गच्चीवरची टाकी मात्र काळी असल्याने दुपारी चारला तिच्यातील पाणी २६ अंशांपर्यंत पोहोचलेले असते. त्या वेळी गिझर बंद ठेवूनच त्याच्या गरम नळातून २० लिटर पाणी बादलीत काढून ते भांड्यांना आणि कपड्यांना वापरले की गिझरमध्ये उन्हाने तापलेले पाणी येऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते १६ ऐवजी २२ अंशांच्या आसपास सापडते. सहा अंशांची, म्हणजे चार मिनिटांची ही बचत आहे.

दुसरी सवय पाणी पूर्ण तापून गिझरचा दिवा विझण्याची वाट न पाहण्याची. ४० अंशांची २० लिटरची बादली भरायला १४ अंशांच्या थंड पाण्यात ५५ अंशांचे पावणेतेरा लिटर पाणी पुरते, त्यामुळे ६० अंशांपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वडिलांची बादली आता साडेबावीस मिनिटांत भरते. दुसऱ्या बादलीला पुन्हा सुमारे २४ मिनिटे लागतात. तिच्यासाठी मला काही उपाय सापडलेला नाही. कोमट साठ्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून दोनदा मी पाणी पूर्ण ६० अंशांपर्यंत तापू देतो.

मे महिन्यात गिझर उघडून घेतला. बोअरच्या जड पाण्यामुळे एलिमेंटवर क्षाराचा पांढरा, खडबडीत थर चढला होता. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढल्यावर वेग खूप वाढेल अशी माझी अपेक्षा होती, पण ४१ सेकंदांचे ४० झाले, एवढेच. विचार केल्यावर कारण लक्षात आले. एलिमेंट पाण्यातच बुडालेले असते. थर असला तरी ते जवळपास तेवढीच वीज घेते आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. थरामुळे आतील तार जास्त तापते आणि लवकर जळते. म्हणून साफसफाई जरूर करावी, पण एलिमेंट टिकण्यासाठी. त्याच वेळी टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा ॲनोड निम्म्याहून अधिक झिजलेला दिसला. नवा मागवला आहे; थंडी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरमध्येच, तो बसवून घेणार आहे.