रॉकफर्ड पीचेसचा ड्रेस: घेर खरा, बटणं खोटी

लेकीच्या शाळेत इतिहासातली एक व्यक्ती होऊन वर्गासमोर बोलायचं होतं. ती बारा वर्षांची, मुलांच्या बेसबॉल संघात फर्स्ट बेसवर, म्हणजे पहिला टप्पा राखायला, खेळते, म्हणून तिनं डॉटी कामेन्शेक निवडली. रॉकफर्ड पीचेस या अमेरिकेतल्या बायकांच्या बेसबॉल संघाची फर्स्ट बेस. ३,७३६ वेळा बॅटिंगला उभी राहिली आणि त्यात फक्त ८१ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बाद, झाली. तिच्यासाठी एका ऑनलाइन दुकानातून हा ड्रेस मागवला, टोपी आणि पट्टा धरून ६४ डॉलरला.

पार्सल फोडल्या फोडल्या मी ड्रेस उलटा केला. मी शिवणकाम करते, आधी आतली बाजूच बघते. शिवणीला सोडलेली माया जेमतेम पाव इंच, कापड पातळ पॉलिएस्टर, बगलेपाशी टीप आत्ताच उसवायला आलेली. रंग मात्र छान जमलाय, पिकत आलेल्या पीचचा. स्कर्टचा घेरही झकास पडतो.

खटकली ती बटणं. मूळ ड्रेस पुढून बंद व्हायचा, पण बटणपट्टी मधोमध नव्हती, डावीकडे सरकवलेली होती. छातीवरचा संघाचा गोल बिल्ला अखंड राहावा म्हणून! ज्यानं तो बेतला त्याचं डोकं तिथे दिसतं. या ड्रेसला बटणं नुसती वरून टाचलीत, काज एकही नाही, आणि पाठीला चेन. बिल्लाही शिवलेला नाही, इस्त्रीनं चिकटवलाय. पहिल्याच धुण्यात त्याची कड सुटली.

त्याहून मोठी चूक म्हणजे आतली सॅटिनची शॉर्ट्स दिलेलीच नाही. पीचेसच्या बायका त्या शॉर्ट्सशिवाय मैदानात उतरत नव्हत्या. १९४३ मध्ये शिकागो कब्स या पुरुषांच्या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिगली यांनी बायकांची ही लीग काढली, कारण युद्धावर गेलेल्या पुरुषांमुळे बेसबॉल ओस पडेल अशी धास्ती होती. चार संघ होते: रॉकफर्ड, रसीन, केनोशा आणि साउथ बेंड. पगार आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर. खेळ दणदणीत हवा, पण दिसायचं मात्र नाजूक. म्हणून स्कर्ट, लिपस्टिक आणि चालण्याबोलण्याचे वर्ग. पुढच्या बारा हंगामांत खेळ पार बदलला. सुरुवातीला १२ इंच घेराचा चेंडू खालून टाकायचा, १९४८ पासून पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, खांद्यावरून टाकू लागल्या, आणि १९५४ मध्ये लीग बंद पडली तेव्हा चेंडू पुरुषांच्या चेंडूएवढा झाला होता. स्कर्ट मात्र शेवटपर्यंत राहिला.

त्याची किंमत काय होती ते आमच्या मागच्या अंगणात कळलं. लेकीनं हौसेनं ड्रेस घातला, पळत आली आणि खेळाडू करतात तशी बेस गाठायला जमिनीवरून घसरत गेली. बाजूची टीप टर्रकन फाटली, आणि मांडीवर तळहाताएवढं लालबुंद खरचटलं. मी हळद लावत होते तेव्हा तिनं विचारलं, "सोफी कुरिसनं एका हंगामात किती बेस चोरले म्हणालीस?" बेस चोरणं म्हणजे चेंडू मारला गेला नसताना पळून पुढचा बेस गाठणं. २०१. रसीनच्या सोफीनं, १९४६ मध्ये, असल्याच स्कर्टात. त्याच वर्षी अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात चौदाव्या डावात विजयी धाव तिनंच काढली, आणि हरलेला संघ होता रॉकफर्ड. लेक बराच वेळ मांडीकडे बघत राहिली.

सोबत एक माहितीपत्रक येतं, त्याबद्दल माझी खरी तक्रार आहे. त्यात या खेळाडूंना "बेसबॉलमधल्या पहिल्या व्यावसायिक स्त्रिया" म्हटलंय. मग १९३१ मध्ये चॅटनूगा लुकआउट्स या पुरुषांच्या संघाकडून बेब रूथ आणि लू गेरिग या नावाजलेल्या फलंदाजांना पाठोपाठ स्ट्राइकआउट करणारी सतरा वर्षांची जॅकी मिचेल कुठे गेली? आणि या लीगनं कृष्णवर्णीय मुलींना दार बंद ठेवलं होतं, त्यावर एक ओळही नाही. मेमी जॉन्सनला निवडचाचणीतून परत पाठवलं. ती, टोनी स्टोन आणि कॉनी मॉर्गन मग नीग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमध्ये, इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांच्या बरोबरीनं खेळल्या. टोनी स्टोनला स्कर्ट घालायला सुचवलं तेव्हा तिनं साफ नकार दिला. मी हे सगळं एका कागदावर लिहून लेकीच्या फाइलमध्ये ठेवलं, आणि तिनं ते वर्गात वाचूनही दाखवलं.

दुकानाला बटणांचं कळवलं. उत्तर दोन दिवसांत आलं, सभ्य होतं, पण बदलून देण्याचं काही बोलले नाहीत.

पाचपैकी अडीच. कार्यक्रमाला एकदा घालायचा असेल तर चालेल. खेळायचं असेल तर एक माप मोठं घ्या, बाजूच्या टिपा दुहेरी मारून घ्या, बिल्ला हातानं शिवा, आणि आत घालायला सॅटिनची शॉर्ट्स वेगळी शिवा. मला पाऊण मीटर कापड पुरलं. चेन काढून डावीकडे खरी काजं करायला दोन संध्याकाळी लागल्या. आता तो बंद होतो तसा, जसा व्हायला हवा.