आमोस आधी वाचावा की यहेज्केल?

बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे (देवाचा निरोप लोकांना सांगणारे) आणि वेदी (अर्पणं जाळायची जागा) यांचं नातं मुळातून वाचायचं असेल, तर सुरुवातीला या दोन संदेष्ट्यांच्या नावाचे ग्रंथ समोर येतात. आमोसचे 9 अध्याय एका बैठकीत संपतात. यहेज्केलचे 48 आहेत आणि तो घाई खपवून घेत नाही.

आमोस ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ. पण बोलला उत्तरेच्या इस्राएल राज्यात, तिथल्या बेथेल गावच्या राजमान्य मंदिराविरुद्ध. सण, होमबली (वेदीवर पूर्ण जाळलेलं अर्पण), गाणी सगळं तो झिडकारतो (अध्याय 5, वचनं 21-24). वाचक फसतात ते इथेच: संदेष्टे कर्मकांडाच्या विरोधात होते, असं ठरवून मोकळे होतात. त्याआधी 2:8 वाचा. गरिबाकडून गहाण घेतलेल्या कपड्यांवर लोक वेदीशेजारी पसरलेत, खरा राग त्याचा आहे. अर्पणांचे नियम देणाऱ्या लेवीय या ग्रंथाचे 1 ते 7 अध्याय शेजारी उघडे ठेवले, तर खमिराच्या (आंबवलेल्या) भाकरीवरचा त्याचा टोमणाही (4:5) नेमका कुठे बसतो ते कळतं.

यहेज्केल स्वतः याजक (मंदिरातला पुरोहित), ख्रिस्तपूर्व 597 मध्ये यरुशलेममधून कैद करून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्यांपैकी. 8 ते 11 अध्यायांत देवाचं तेज मंदिर सोडून जातं, 40 ते 48 मध्ये नव्या मंदिराची मापं येतात. बहुतेक जण चाळिसाव्या अध्यायात पुस्तक मिटतात, कारण मापं नुसती वाचून डोक्यात राहत नाहीत. कागद घ्या. आधी पूर्वेचा दरवाजा काढा, 50 हात लांब, 25 रुंद. मग बाहेरचं अंगण, आतलं अंगण, शेवटी 20 बाय 20 हातांचं परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराची सगळ्यात आतली खोली. (हात इथे नेहमीपेक्षा चार बोटं मोठा.) तेज पूर्वेकडे निघून गेलं (11:23), पूर्वेच्याच दरवाजाने परत आलं (43:4), आणि मग तो दरवाजा कायमचा बंद झाला (44:2). चित्र काढल्याशिवाय हे पकडता येत नाही.

यहेज्केलची अर्पणं तोराशी (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतल्या नियमांशी) जुळतातच असं नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी तोरातला गणना हा ग्रंथ (28:11) दोन गोऱ्हे सांगतो, यहेज्केल 46:6 एकच. तालमुदात (यहुदी विद्वानांच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात) म्हटलंय की हनन्या बेन हिज्कीया या विद्वानाने 300 पिंपं तेल जाळत बसून हा मेळ घातला, नाहीतर ग्रंथ बाजूलाच पडला असता.

माझं मत: आमोस आधी, पण लेवीयसह. यहेज्केलला निदान आठवडा द्या. तेवढा वेळ नसेल, तर मध्ये हाग्गय या दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथातलं 2:10-14 वाचा. तिथे संदेष्टा याजकांनाच शुद्ध-अशुद्धाचा निर्णय विचारतो. पाच वचनं आहेत फक्त.