पोल, एनपीआय की केआरएसीएच: आपला संघ शेवटच्या सोळांत आहे का, हे कशावरून ओळखायचं?

मुलगा किंवा मुलगी ॲन आर्बर, ईस्ट लान्सिंग, बॉस्टन किंवा मिनियापोलिसला शिकायला गेली की वर्षभरात बर्फावरची हॉकी आपल्याही घरात शिरते. पहिल्या हिवाळ्यात नियम कळतात, दुसऱ्या हिवाळ्यात खेळाडूंची नावं तोंडपाठ होतात आणि फेब्रुवारी संपता संपता प्रश्न पडतो: आपला संघ एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत जाणार का? रिजनलची (स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्यांची) तिकिटं, विमान, हॉटेल, कामावरची सुट्टी, सगळं त्या एका उत्तरावर अडलेलं असतं. उत्तर शोधायला जावं तर एकाच संघाचे तीन क्रमांक समोर येतात. पोलमध्ये (मतांवरची क्रमवारी) नववा, एनपीआयमध्ये (निवडीचं सूत्र) तेरावा, केआरएसीएचमध्ये (ताकद मोजणारं सूत्र) अकरावा.

तिन्ही खरे आहेत, पण तिन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकायला हरकत नाही: नाताळनंतर पोल बंद करा, एनपीआय रोज बघा आणि केआरएसीएच पुढच्या सामन्यांचा अंदाज घेण्यासाठी जवळ ठेवा.

आधी जागांचं गणित

पुरुषांच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साठाहून अधिक संघ आहेत आणि 2003 पासून स्पर्धेत जागा फक्त 16. बिग टेन, हॉकी ईस्ट, एनसीएचसी, ईसीएसी, सीसीएचए आणि अटलांटिक हॉकी अमेरिका या सहा कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो. विजेता म्हणजे मार्चमधली कॉन्फरन्स टूर्नामेंट जिंकणारा संघ. हिवाळाभर गुणतक्त्यात पहिला राहिलेला नव्हे. उरलेल्या 10 जागा क्रमवारीवर भरतात. मग चार गावांत चार-चार संघांचे रिजनल. एक सामना हरला की मोसम संपला. रिजनल जिंकणारे चौघे ‘फ्रोझन फोर’ला, म्हणजे उपांत्य आणि अंतिम फेरीला, जातात.

इथेच पुष्कळ जणांची गफलत होते. सोळा जागा आहेत म्हणून सोळावा क्रमांक पुरेल असं वाटतं. तो जवळपास कधीच पुरत नाही. अटलांटिक हॉकीचा विजेता सहसा पहिल्या सोळांच्या बाहेरचा असतो, म्हणजे एक जागा आधीच गेली. त्यात आणखी एखाद्या कॉन्फरन्समध्ये मागचा संघ टूर्नामेंट जिंकून गेला की दुसरी गेली. 2025 मध्ये ईसीएसीच्या उपांत्य फेरीत कॉर्नेलने क्विनिपिॲकला हरवलं आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. क्विनिपिॲकचा क्रमांक चांगला होता, त्यांना क्रमवारीवरच्या दहांतली एक जागा मिळाली. बेंटली पहिल्यांदाच स्पर्धेत आला, तोही अटलांटिक हॉकी जिंकूनच. त्यामुळे काठावरचा मिशिगन त्या वर्षी बाहेर राहिला. कॉर्नेलची जागा कुणाला फुकटची वाटली असेल, तर पुढचं पाहावं: टोलीडोच्या रिजनलमध्ये त्यांनी बिग टेनच्या विजेत्या मिशिगन स्टेटला 4-3 असं घरी पाठवलं.

म्हणून कुठलीही क्रमवारी उघडलीत तरी रेष सोळाखाली नव्हे, तेरा-चौदाच्या खाली ओढा.

पोल: वाचायला छान, निर्णयाला निरुपयोगी

दर सोमवारी येणारा पोल प्रशिक्षक आणि पत्रकार मतं देऊन ठरवतात. त्यात माणसाची नजर आहे, आणि ती मला आवडते. मुख्य गोलरक्षक जायबंदी आहे, की डिसेंबरअखेरच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेसाठी तीन चांगले खेळाडू संघाबाहेर होते, हे मतदाराला ठाऊक असतं. सूत्राला नसतं.

पण मतदाराची आठवण आखूड असते. गेल्या शुक्रवार-शनिवारी दोन्ही सामने हरलेला संघ पोलमध्ये धाडकन खाली येतो आणि ऑक्टोबरमधले त्याचे मोठे विजय कुणाला आठवत नाहीत. निवडीच्या गणितात मात्र ऑक्टोबरचा विजय आणि मार्चचा विजय एकाच तराजूत जातात. सगळ्यांत मोठी गोष्ट ही की पोलचा निवडीशी काहीही संबंध नाही. संघ निवडणारी एनसीएएची समिती तो उघडतही नाही म्हटलं तरी चालेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सामने थोडे असतात आणि सूत्रांचे आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. तेवढा काळ पोल बरा. त्यापुढे नाही.

पेअरवाइज गेलं, एनपीआय आलं

जुन्या चाहत्यांच्या तोंडी अजून ‘पेअरवाइज’च आहे. त्यात प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडी लावून तुलना व्हायची: आरपीआय (विजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद मिळून काढलेला आकडा) कुणाचा जास्त, दोघांच्या सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोण सरस, आपसातले सामने कुणी जिंकले. जास्त जोड्या जिंकणारा वर. त्यातल्या आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांचं वजन 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचं 21 आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं तब्बल 54 टक्के होतं. कमकुवत संघाला हरवूनही आकडा घसरायचा, म्हणून असे विजय हिशोबातून वगळण्याची सोय करावी लागली होती.

2025-26 च्या मोसमापासून त्याची जागा एनपीआयने घेतली. जोड्या गेल्या, सामाईक प्रतिस्पर्धी गेले, आपसातल्या निकालाचा वेगळा गुणही गेला. प्रत्येक सामन्याला त्या प्रतिस्पर्ध्याच्या स्वतःच्या एनपीआयनुसार किंमत मिळते आणि सगळ्यांचे आकडे स्थिर होईपर्यंत गणित पुन्हा पुन्हा फिरवलं जातं. बाहेरच्या मैदानावरचा विजय घरच्या विजयापेक्षा भारी, तीन-विरुद्ध-तीनच्या जादा वेळेतला विजय पूर्ण विजयापेक्षा हलका, बलाढ्य संघाला हरवलं तर वरचा बोनस. समिती यावरूनच दहा जागा भरते, त्यामुळे तुम्हालाही हाच तक्ता लागतो.

जुन्यापेक्षा हे बरं का? मला बरं वाटतं. पेअरवाइजमध्ये भलत्याच दोन संघांचा निकाल लागून एखादी तुलना उलटायची आणि आपला संघ घरी बसल्या बसल्या दोन पायऱ्या घसरायचा. एनपीआयमध्येही दुसऱ्यांच्या निकालाने आकडा हलतो, पण हळूहळू. एका गोष्टीची मात्र हळहळ आहे. आपण ज्याला दोनदा हरवलं तोच संघ काठावर आपल्या पुढे असेल, तर आता त्या दोन विजयांचा वेगळा हक्क सांगता येत नाही.

एक खाचखळगा नक्की लक्षात ठेवा. दुसऱ्या कॉन्फरन्सशी होणारे सामने बहुतेक नववर्षाच्या आसपास संपतात. त्यानंतर एकाचा विजय म्हणजे शेजाऱ्याचा पराभव; कॉन्फरन्सची एकत्रित पत फारशी वाढत नाही. बॉस्टनच्या चार विद्यापीठांची बीनपॉट स्पर्धा फेब्रुवारीत होते, पण असे अपवाद कमी. तेव्हा जानेवारीत फक्त आपल्या संघाकडे बघू नका, आपल्या कॉन्फरन्सने शरद ऋतूत काय कमावलं ते बघा. तिथे सगळे हरले असतील तर फेब्रुवारीतले विजयही स्वस्तात जातात.

केआरएसीएच: कोण खरंच बलवान?

हे ब्रॅडली-टेरी पद्धतीवर चालतं. त्यातला आकडा थेट वाचता येतो, आणि हे त्याचं खरं सौंदर्य. एका संघाचे 300, दुसऱ्याचे 100 असतील तर चार सामन्यांत पहिला तीन जिंकेल अशी अपेक्षा. घर-बाहेर नाही, बोनस नाही, विजय वगळण्याची भानगड नाही. संघाची खरी ताकद कुणी विचारली तर मी हाच तक्ता पुढे करेन. पण समिती तो वापरत नाही. म्हणून केआरएसीएचमध्ये अकरावा आणि एनपीआयमध्ये पंधरावा असलेला संघ घरी बसतो.

त्याचा उपयोग संभाव्यता काढायला होतो. उरलेले सामने संगणकावर हजारो वेळा खेळवायचे आणि प्रत्येक वेळी आपला संघ आत आला का ते मोजायचं. 60 टक्के दिसले तर हर्षभरित होऊ नका. दहांतल्या चार वेळा तुम्ही घरीच आहात.

काठावर असाल तर

2013 मधला येलचा शेवटचा आठवडा आठवा. ईसीएसीच्या उपांत्य फेरीत युनियनकडून 0-5, दुसऱ्या दिवशी क्विनिपिॲककडून 0-3. यानंतर त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. रविवारी डेट्रॉइटला सीसीएचएच्या अंतिम सामन्यात मिशिगन जिंकला असता तर येल बाहेर गेलं असतं. नोत्र दामने मिशिगनला 3-1 हरवलं. मिशिगनची सलग 22 वर्षांची हजेरी तिथे तुटली आणि येल क्रमवारीवरच्या जागांमधला अगदी शेवटचा संघ म्हणून आत आलं. मग त्यांनी मिनेसोटाला जादा वेळेच्या नवव्या सेकंदाला हरवलं, नॉर्थ डकोटाला हरवलं, मॅसॅच्युसेट्स-लोवेललाही जादा वेळेत, आणि पिट्सबर्गच्या अंतिम सामन्यात त्याच क्विनिपिॲकला, ज्याने त्या मोसमात त्यांना तिन्ही वेळा हरवलं होतं, 4-0.

आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात आपण नेट रन रेट मांडून बसतो तसंच हे. काठावरच्या संघाच्या चाहत्याने स्वतःचा सामना संपला की बाकीच्या पाच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांत कुणाचा जयजयकार करायचा याची यादी करावी. नियम साधा: जो संघ तसाही आत आहे त्याने जिंकावं.

पैशांचं म्हणाल तर फेब्रुवारीअखेर एनपीआयमध्ये पहिल्या दहांत असाल तर सुट्टी मागून ठेवा. अकरा ते चौदा असाल तर परत करता येईल असंच हॉटेल घ्या. सोळाच्या खाली असाल तर सगळा पैसा कॉन्फरन्स टूर्नामेंटच्या तिकिटावर लावा, कारण राहिलेला रस्ता तोच आहे.

रिजनल कुठे मिळेल हे मात्र रविवारी यादी जाहीर होईपर्यंत सहसा कळत नाही. अपवाद यजमानांचा: रिजनल भरवणारं विद्यापीठ पात्र ठरलं तर ते तिथेच खेळतं. 2025 मध्ये नाताळच्या सुट्टीपर्यंत बिग टेनमध्ये एकही विजय नसलेला पेन स्टेट रिजनलमधल्या चौथ्या मानांकनाने आत आला आणि यजमान म्हणून ॲलनटाउनला खेळला. मेनला 5-1, मग कनेक्टिकटला जादा वेळेत 3-2, आणि पहिल्यांदाच फ्रोझन फोर. ज्यांनी जानेवारीतच ॲलनटाउनची तिकिटं काढली होती, त्यांना ते सगळं काचेच्या पलीकडे दोन हातांवर बघायला मिळालं.