जुना डिशवॉशर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? खारपाणपट्ट्यातल्या घरासाठी सरळ तुलना

आमच्याकडे कापूस वेचणी लागली की भांड्याला बाई मिळत नाही, आणि मिळू नये पण, वेचणीत तिला दिवसाचे जे पैसे मिळतात ते आपण भांड्याचे देऊ शकत नाही. मग ते सगळं आईवर येतं. तिची बोटं सांध्यात वाकलीत आणि थंडीत तळहात फुटतात, त्या भेगांमध्ये साबण गेला की ती बोलत नाही पण चेहऱ्यावर दिसतं. म्हणून अमरावतीच्या आत्याने घर बदलताना बाल्कनीतला जुना डिशवॉशर भंगारात द्यायचा म्हटला तेव्हा मी टेम्पो करून तो दर्यापूरकडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या खारपाणपट्ट्यात, आमच्या गावी घेऊन आलो. नव्वदच्या दशकातली मशीन, आठ-नऊ वर्षं बंद पडलेली. आई म्हणाली, "काहून आणलं रे हे धूड, कोन चालवन हे?" आता तीच चालवते. पण तेव्हापासून नात्यातले दोघं-तिघं विचारत असतात की आम्ही पण असा जुना पाहू का सरळ नवाच घेऊ, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पैशाचं, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. आमचा खर्च झाला सील ३००, कपॅसिटर १००, पाणी घ्यायचा व्हॉल्व्ह ४५०, दाराचं गास्केट ११००, पाईप २५०, सोळा अँपियरची वायर आणि प्लग ३००, सफाईचं सामान २००, म्हणजे २७००, त्यात टेम्पोचे ६०० धरा. नवीन बारा-चौदा प्लेस सेटिंगवाला, म्हणजे तितक्या माणसांची भांडी बसणारा, साधारण तीस ते पंचेचाळीस हजारात येतो, वर आमच्यासारख्या ठिकाणी स्टॅबिलायझर घ्यावाच लागतो. फरक मोठा दिसतो, पण त्यावरच ठरवू नका, कारण जुना रोज जास्त खातो. निघणारं पाणी बादलीत धरून मोजलं तर एका फेरीला २३ लिटर आणि मीटरवर पाहिलं तर १.६ युनिट. नव्या मशीन साधारण ९ ते १२ लिटरमध्ये आणि एक युनिटच्या आसपास काम करतात. रोज एक फेरी धरली तर वर्षाला सव्वादोनशे युनिटच्या जवळपास जास्त, आणि सगळे आकार धरून युनिट दहा रुपयाला पकडलं तर वर्षाचे बावीसशे रुपये. म्हणजे दहा वर्षं चालवायचा विचार असेल तर जुन्याची स्वस्ताई बरीचशी बिलात निघून जाते. हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर वाटेल की मी जुन्याची फक्त चांगली बाजू दाखवली.

मग मी जुन्याच्या बाजूने का आहे, तर त्याचे पार्ट आपल्या तालुक्यातल्या माणसाला समजतात. डिशवॉशरच्या आत मूळ गोष्टी किती असतात बघा, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी तापवणारा हीटर, तेच पाणी फवाऱ्याच्या फिरत्या हातांमधून जोरात मारणारा पंप, घाण पाणी बाहेर फेकणारा दुसरा छोटा पंप, आणि कधी काय चालू करायचं ते ठरवणारा टायमर. अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून भांडी जाळीत बसवायची आणि त्यांच्यावर जोरात पाणी मारायचं हीच कल्पना आहे. आमच्या मशीनचा मोठा पंप बाहेर काढून तालुक्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे जळालेल्या मोटरी परत भरणाऱ्याकडे, नेला, त्याने आयुष्यात डिशवॉशर पाहिला नव्हता, पण पंप हातात घेतल्याबरोबर म्हणाला, "हे तं आपल्या मोनोब्लॉकसारखंच सील आहे नं भाऊ, फक्त लहान." कार्बन आणि सिरॅमिकचे दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांवर फिरतात आणि पाणी अडवतात, मशीन वर्षानुवर्षं कोरडी राहिली की ते चिकटतात, मोटर नुसती हुंकारते आणि फिरत नाही. त्याच्याच डब्यात मापाचं सील निघालं. विदर्भात शेतीपंपामुळे प्रत्येक तालुक्यात असा माणूस आहे, ही आपली फार मोठी ताकद आहे, आपण ती मोजतच नाही.

नव्या मशीनमध्ये टायमरचं काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो. बोर्ड चांगला असतो, हुशार असतो, पाणी-वीज त्याच्यामुळेच वाचते. पण तो गेला की आपल्या गावात कोणी हात लावू शकत नाही, शहरातून कंपनीचा माणूस यायची वाट पाहायची. माझ्या चुलतभावाच्या नव्या मशीनचा बोर्ड पावसाळ्यात गेला, सर्व्हिसवाले "गाव आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले, पावणेदोन महिने मशीन बंद. म्हणून नवा घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच की मॉडेल निवडण्याच्या आधी दुकानदाराला तुमच्या गावाचा पिनकोड सांगा आणि तिथे माणूस येतो का ते कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नाही.

आता वोल्टेज, इथे फरक खूप पडतो. आमच्याकडे रात्री सात-आठला मीटर १८० दाखवतो. हीटरची ताकद वोल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे २३० वर दोन हजार वॅट असलेला हीटर १८० वर साडेबाराशेच्या आत येतो. जुन्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट पाणी तापेपर्यंत टायमरला थांबवून ठेवतो, वेळ जास्त लागतो पण काम पूर्ण होतं. नव्या बऱ्याच मॉडेलमध्ये ठराविक वेळेत पाणी तापलं नाही की एरर येऊन मशीन थांबते. तसंच पाण्याच्या दाबाचं. स्लॅबवरच्या टाकीचा दाब म्हणजे दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार, आमची टाकी चार मीटरवर, म्हणजे ०.४, आणि खूप मशीनना किमान ०.३ ते ०.५ लागतो. आमची जुनी हळूहळू भरते पण पाण्याची पातळी पाहून पुढे जाते, नवी मात्र वेळ मोजून "पाणी येत नाही" म्हणून थांबू शकते, मग छोटा प्रेशर पंप लावा. लाईट गेली तर जुना टायमर होता तिथेच उभा राहतो आणि आली की पुढे सुरू, नव्यातल्या पण बऱ्याच मशीन हे करतात, त्यात फार फरक नाही. इन्व्हर्टरवर मात्र दोन्ही चालवू नका, हीटरचा लोड घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या लोकांनी हे समजून घेतलंच पाहिजे. डिशवॉशरच्या बुडाशी रेझिनची एक डबी असते, ती पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते, आणि आपण टाकलेल्या मिठाने ती परत ताजी होते. म्हणजे ती पाण्याचा जडपणा घालवते, खारेपणा नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात सोडियमचे क्षार आधीच भरपूर, ते जसेच्या तसे राहतात आणि ग्लासवर पांढरी पावडर सुकते. आम्ही पहिले आठ दिवस बोअरवर चालवली, सगळी भांडी पांढुरकी, आई म्हणे "याच्यापेक्षा राखेनं बरे निघत होते". मग नळयोजनेच्या पाण्याची वेगळी लाईन ओढली आणि सगळं बदललं. नवी मशीन घेतली असती तरी हेच झालं असतं, इथे जुनं-नवं काही नाही. बोअरशिवाय दुसरं पाणी नसेल आणि ते खारं असेल तर दोन्ही घेऊ नका असंच मी म्हणेन. मीठ पण डिशवॉशरचं जाड खड्याचंच घाला, खायचं बारीक आयोडीनवालं नको, त्यात गोळे होऊ नये म्हणून मिसळलेली पावडर रेझिनमध्ये अडकते. आणि मशीनचं निघालेलं पाणी परसातल्या वांग्या-मिरचीला सोडू नका, त्यात मीठ आणि सोडा असतो, आपली माती आधीच त्याने त्रासलेली.

जुनी मशीन उचलायची की नाही हे कशावरून ठरवायचं, तर मी आधी आतली टाकी बघेन. दार उघडा, टॉर्च घ्या, बुडाचा खड्डा, दाराची खालची कड आणि जाळीच्या पट्ट्या जिथे बसवल्यात ती जागा बघा. स्टील नीट असेल तर बाकी सगळं होतं, बाहेरचा पत्रा गंजला असेल तर घासून प्रायमर मारा. पण टाकीलाच भोक पडलं असेल तर फुकट देत असले तरी आणू नका, मी दुसरी एक अशीच पाहून परत आलो, वेल्डिंगवाला हो म्हणत होता पण त्या पातळ पत्र्यावर ते टिकत नाही. बटणांच्या जागी डिस्प्ले असलेली जुनी मशीन पण मी घेणार नाही, तिचा बोर्ड आता मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही. गोल फिरवायचा, टकटक करणारा टायमर असलेलीच घ्या.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावायचा नाही, हे हात जोडून सांगतो. मागचं झाकण काढा, उंदराने वायरी खाल्ल्यात का बघा, आमच्यात दोन वायरी अर्ध्या कुरतडलेल्या होत्या. मग मल्टीमीटरने हीटर तपासा, दोन हजार वॅटचा असेल तर २६ ओमच्या आसपास यायला पाहिजे, आणि हीटरचं टोक ते बॉडी यात काहीच येऊ नये, आलं तर हीटर आतून ओला किंवा फुटलेला, तो बदलायचाच, जुगाड नाही. त्यानंतर अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग नावालाच राहतं. फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा बल्ब लावून बघा, पूर्ण प्रकाश आला पाहिजे, अर्थात हे वायरमनकडूनच करून घ्या, आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच, त्या लाईनला बसवा. ओल्या हाताने हाताळायची वस्तू आहे, घरातली म्हातारी माणसं वापरणार, इथे हजार-दोन हजार वाचवू नका. हे नव्या मशीनलाही तितकंच लागू आहे.

सफाईला १५० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून रिकामी मशीन गरम पाण्यावर एकदा फिरवली, हीटरवरचा पांढरा थर सुटून आला, दुसऱ्यांदा फिरवल्यावर हीटर चकचकीत. संडास साफ करायचं ऍसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते स्टीललाच खातं. फवाऱ्याच्या हातांची भोकं सुईने मोकळी केली, व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी वाळूने भरली होती ती धुतली तरी व्हॉल्व्ह उघडेना, मग बदलला, फ्रंटलोड वॉशिंग मशीनचाच बसतो. कपॅसिटर त्यावर लिहिलेल्या आकड्याचाच घ्या, आमचा ३ मायक्रोफॅरडचा होता. सगळं मिळून माझे पाच रविवार गेले. हा वेळ ज्याच्याकडे नाही, सोंगणी-पेरणीच्या धावपळीत ज्याला घरी दुपार मिळत नाही, त्याने नवाच घ्यावा, अर्धवट उघडलेली मशीन अंगणात पडून राहण्यात अर्थ नाही.

भांडी कशी निघतात यात नवा पुढे आहे, ते मान्य करतो. जाळ्या वर-खाली होतात, ताटं-वाट्यांसाठी जागा बरी असते, आवाज तर खूपच कमी. आमच्या जुन्यात स्टीलची ताटं उभी बसतात पण वाट्या वरच्या जाळीत तिरप्या ठेवाव्या लागतात नाहीतर तळात पाणी राहतं, आणि पोळ्यांची मोठी परात बसतच नाही. तेलकटपणा मात्र दोन्हीकडे सारखाच जातो, पाटोडीच्या रश्श्याची तर्री लागलेली भांडी ६५ डिग्रीला कोरडी स्वच्छ निघतात. आजकालच्या पावडरीत स्टार्च आणि प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, ते कोमट पाण्यात काम करतात, त्यामुळे आमच्याकडे पाणी हळूहळू तापतं ते भाताच्या आणि बेसनाच्या डागाला उलट बरंच पडतं. खाली लागलेलं पिठलं कोणतीच मशीन काढत नाही, ते भिजत घालावंच लागतं. ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, पितळ-तांबं निस्तेज होतं, लोखंडी तवा-कढई गंजते, लाकडी लाटणं-पोळपाट तडकतं, म्हणजे ही भांडी नवी मशीन घेतली तरी हातानेच.

घरात चार-पाच माणसं, बहुतेक स्टील, नळाचं पाणी, घरात मल्टीमीटर धरता येणारं कोणीतरी आणि तालुक्यात ओळखीचा रिवाइंडिंगवाला, असं असेल तर गोल टायमरवाली जुनी मशीन शोधा, शहरातल्या नातेवाईकांच्या बाल्कनीत नक्की सापडेल. घरी फक्त म्हातारे आई-वडील असतील आणि तुम्ही पुण्या-मुंबईला असाल तर त्यांच्यासाठी जुन्याचा विचारच करू नका, नवी घ्या, कारण सील गळलं तर बघायला तिथे कोणी नाही. आमच्याकडे आता आई रात्री जेवणं झाली की उष्टं-खरकटं बादलीत काढते, ताटं लावते, टायमर फिरवते आणि दार लावून टीव्हीसमोर बसते. मागच्या थंडीत तिने मलम मागितलं नाही.