पॉइंट टू टू: हाय व्हेलॉसिटी की स्टँडर्ड?

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा विषय निघाला की सगळे मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड नळीच्या रायफलींच्या गप्पा मारतात. गोव्यात बसून तशी रायफल, तिची काडतुसं आणि हजार यार्डांची रेंज जमवायची, तर अर्धं आयुष्य कागदपत्रांत जाईल. म्हणून आमच्यासारखे पॉइंट टू टूच, म्हणजे ०.२२ इंच बोअरची छोटी रायफलच, शंभर मीटरपर्यंत ताणतात. वारा तिथेही रडवतोच. प्रश्न उरतो तो काडतुसाचा: आवाजाहून वेगानं निघणारं हाय व्हेलॉसिटी घ्यायचं, की आवाजाहून हळू निघणारं स्टँडर्ड?

मी हाय व्हेलॉसिटीपासून सुरुवात केली. हिशोब सरळ वाटला: गोळी लवकर पोचली, तर वाऱ्याला तिला ढकलायला वेळ कमी. शिवाय पन्नासवरून शंभरवर जाताना साइटचे क्लिक (नेम वर-खाली करायचे खटके) कमी फिरवावे लागतात. रायफल सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी असेल, तर तिचा बोल्ट (नळीमागचा सरकता खटका) नीट मागे जायलाही तीच बरी.

मग एप्रिलमधली ती सकाळ. आठ वाजता माडाची झावळी हलत नव्हती आणि पन्नासवर माझ्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकत होत्या. मग टार्गेट शंभरवर नेलं. साडेदहाला दर्याकडून वारा सुटला. खुंट्यांना बांधलेल्या फिती जेमतेम कलल्या, पण गोळ्या उजवीकडे पांगल्या त्या पांगल्याच. शेजारच्या लेनमधले काका माझ्याहून जुनी रायफल घेऊन, स्टँडर्डवर, शांतपणे टार्गेटच्या मधल्या काळ्यातच मारत होते. चिडचिड झाली ती याचीच.

कारण नंतर उमगलं. ३० अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४९ मीटर. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८०च्या आसपास निघते आणि शंभर मीटरच्या आतच आवाजाच्या खाली उतरते. त्या उंबरठ्यावर हवा तिला जोरात अडवते. स्टँडर्ड ३२५-३३०ने निघते, तिच्या वाटेत तो उंबरठाच नाही. गोळी किती सरकणार हे ती एकूण किती वेळ हवेत होती यावर ठरत नाही, हवेच्या अडवणुकीत तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरतं. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० यार्डांवर स्टँडर्ड चार-साडेचार इंच सरकते, हाय व्हेलॉसिटी पाचाच्या पुढे.

स्टँडर्डचीही कटकट आहे. शंभरवर ती चांगलीच खाली बसते, स्कोप बराच चढवावा लागतो. आणि काडतूस बदललं की आधीच्या गोळ्यांवरचं नळीत बसलेलं मेण जाऊन नवं बसेपर्यंत पंधरा-वीस गोळ्या भरकटतात. लायसन्सवर मोजून मिळणाऱ्या काडतुसांतली वीस अशी घालवताना जीव तुटतो. काहीही घ्या, जमेल तितकं एकाच लॉटचं, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेलं घ्या.

तुमची रेंज किनाऱ्यापासून आत, सांग्याकडे, डोंगराच्या आडोशाला असेल तर हा फरक कदाचित जाणवणारही नाही. किनाऱ्याजवळ असाल तर मी तरी स्टँडर्डच घेईन. माझ्याकडे हाय व्हेलॉसिटीचे दीड डबे उरलेत. लायसन्सवरचे, त्यामुळे कुणाला देऊनही टाकता येत नाहीत. वारा पडलेल्या सकाळी पन्नासवर एकेक संपवतोय.