सर्व्हिसलोडर: फुकटची सोय आणि मुकाट गळणारी नावे

आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अहवालाचा प्रत्येक नमुना हा स्वतंत्र प्लगइन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला जोडायचा सुटा भाग असतो. हे प्लगइन शोधण्यासाठी आम्ही जावाचा सर्व्हिसलोडर निवडला तो मुख्यतः काटकसरीपायी, कारण जावा ६ पासून तो जेडीकेमध्येच (जावाच्या मूळ साधनसंचातच) आहे आणि त्यासाठी वेगळी लायब्ररी सांभाळावी लागत नाही. काही महिने तक्रारीला जागा नव्हती.

मार्चअखेरीच्या घाईत लक्ष्मी रस्त्यावरील एका कापड दुकानदारांचा फोन आला. ‘अहो, पीडीएफचं बटण गेलं कुठं? काल तर होतं!’ लॉगमध्ये एका ओळीचीही नोंद नव्हती. नव्या आवृत्तीत आम्ही सगळ्या जार (जावाच्या प्रोग्रॅमचे गठ्ठे) एकत्र करून एकच मोठी जार दिली होती. सर्व्हिसलोडर प्लगइनच्या क्लासची नावे मेटा-इन्फ/सर्व्हिसेस या फोल्डरमधील फाइलमधून वाचतो. त्या फाइलला इंटरफेसचे (सगळ्या प्लगइननी पाळायच्या सामाईक साच्याचे) पूर्ण नाव द्यावे लागते, त्यामुळे प्रत्येक प्लगइनमधील ती फाइल एकाच नावाची होती. एकत्रीकरणात त्यांपैकी एकच उरली आणि बाकीच्या गळाल्या. फाइलमधील क्लासचे नाव चुकले असते, तर निदान सर्व्हिसकॉन्फिगरेशनएरर तरी आला असता. नावच नसेल, तर सर्व्हिसलोडर उरलेली यादी निमूटपणे पुढे करतो, आणि या मौनाचा मला अजूनही राग येतो.

त्या रागातच नेटबीन्स या आयडीईचे (प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचे) लुकअप हे प्लगइन शोधण्याचे दुसरे साधन घेण्याचे जवळजवळ ठरले होते. ते आयडीईबाहेरही वापरता येते, सर्व्हिसप्रोव्हायडर हे ॲनोटेशन (कोडमध्ये लावायची खूण) नोंदीची फाइल कंपाइल करतानाच लिहून देते, आणि प्लगइनचा क्रमही ठरवता येतो. मात्र तेही त्याच फोल्डरमधील फाइली वाचते, म्हणजे जार एकत्र करताना दुखणे तेच राहिले असते. ओएसजीआय या जावाच्या मॉड्यूल-व्यवस्थेत प्रोग्रॅम चालू असतानाच सेवा, म्हणजे असे प्लगइन, काढता-घालता येतात, हे खरे. पण आमचे ग्राहक रात्री दुकानाबरोबर संगणकही बंद करतात, तेव्हा त्या सोयीसाठी प्रत्येक लायब्ररीचे मॅनिफेस्ट (जारमधील माहितीची फाइल) तपासत बसणे परवडणारे नव्हते.

शेवटी सर्व्हिसलोडरच ठेवला. जार एकत्र करणाऱ्या मेव्हन शेड प्लगइनमध्ये सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर जोडल्यावर त्या फाइलींतील नोंदी एकत्र होऊ लागल्या, आणि अपेक्षित प्लगइन सापडला नाही तर प्रोग्रॅम सुरूच होऊ नये, अशी तपासणीही घातली. प्राधान्यक्रमाची सोय सर्व्हिसलोडरमध्ये नाही. त्यासाठी इंटरफेसमध्ये स्वतःची मेथड लिहावी लागली, आणि फुकटच्या वस्तूला इतपत मजुरी मला मान्य आहे.