पायथनमधून सी लायब्ररी: सीटाइप्स की सीएफएफआय?

सीटाइप्सने, म्हणजे सी फंक्शन्स बोलावणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलने, सी लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं आणि पायथन एररही न दाखवता धाडकन बंद पडला, की पहिला विचार येतो तो त्याच कामाच्या सीएफएफआय या वेगळ्या पॅकेजकडे जाण्याचा. थांबा. आधी अडलंय कुठे ते बघा.

लायब्ररी लोडच होत नसेल तर बदलून काही मिळणार नाही, ते दुखणं दोघांचंही आहे. विंडोजवर एरर १२६ म्हणते मॉड्यूल सापडलं नाही, आणि फाईल तर डोळ्यांसमोर असते! बहुतेकदा तिला लागणारी दुसरीच डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाईल) गायब असते. १९३ आली तर ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत समजा.

खरा फरक लोड झाल्यानंतर दिसतो. फंक्शन काय परत करतं हे सांगितलं नाही, तर सीटाइप्स गुपचूप इंट, म्हणजे ४ बाइटचा पूर्णांक, धरतो. ६४ बिट लिनक्सवर गेटएन्व्हला, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या सी फंक्शनला, होम विचारून बघा. फोल्डरच्या नावाऐवजी भलताच आकडा येतो, कधी चक्क ऋण. ८ बाइटच्या पत्त्यातले ४ बाइट कापले गेलेले असतात. असा अर्धा पत्ता पुढच्या फंक्शनला दिलात की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे क्रॅश. रेसटाइप (परत येणाऱ्या किमतीचा प्रकार) सी-चार-पी, म्हणजे सी स्ट्रिंगचा पत्ता, केला की काम झालं. औषध एका ओळीचं, पण ती ओळ राहिलीय हे सांगणारं कुणी नाही.

सीएफएफआयमध्ये फंक्शन जाहीर केल्याशिवाय हाकच मारता येत नाही. साधी घोषणा हेडरमधून (लायब्ररीतली फंक्शन्स जाहीर करणाऱ्या सी फाईलमधून) जशीच्या तशी उचलता येते, हे मला फार सोयीचं वाटतं. मात्र एबीआय मोडमध्ये, म्हणजे कंपायलरशिवाय तयार लायब्ररी थेट उघडताना, तुम्ही लिहाल ते खरं धरलं जातं. स्ट्रक्चरमधलं (सीमधल्या एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटातलं) एक फील्ड गाळलंत तर तिथेही तोच क्रॅश. एपीआय मोडमध्ये सी कंपायलर खरं हेडर समोर ठेवतो, त्यामुळे बऱ्याच चुका बिल्डमध्येच पकडल्या जातात. किंमत अशी, की बिल्डच्या मशीनवर कंपायलर हवा आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळा बिल्ड.

कॉलबॅकवर, म्हणजे सीने उलट बोलावायच्या पायथन फंक्शनवर, मी दोन संध्याकाळी घालवल्यात. थोडा वेळ चालायचा, मग क्रॅश. सीटाइप्सचा कॉलबॅक मी कुठल्याच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला नव्हता. पायथनने तो कचरा म्हणून उचलला आणि सी मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहिली. सीएफएफआयच्या एपीआय मोडमधल्या एक्स्टर्न पायथनने, म्हणजे कॉलबॅक आधीच जाहीर करायच्या सोयीने, ही कटकट मिटते.

तेव्हा चारदोन साधी फंक्शन्स असतील तर सीटाइप्सच ठेवा. तो २.५ पासून पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवायला नको. फक्त प्रत्येक फंक्शनला आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या किमतींचे प्रकार) आणि रेसटाइप द्या, अगदी इंटवाल्यालाही. स्ट्रक्चर्सचा पसारा असेल किंवा हेडर दर आवृत्तीत बदलत असेल, तर सीएफएफआय, तोही एपीआय मोडमध्येच. नुसत्या एबीआय मोडसाठी चालू कोड हलवायला मी तयार होणार नाही.

आणि आज रात्रीच क्रॅश शोधायचा असेल तर फॉल्टहँडलर हे पायथनचं मॉड्यूल चालू करून स्क्रिप्ट चालवा. पायथन कुठल्या ओळीवर गेला, तेवढं तरी छापून मिळतं.